दुहेरी कोबा

अण्णा,

तुमचं गॅरेज मी पाडलं. नुसतं गॅरेज नाही, अंगणातला सिमेंटचा कोबाही फोडला, फाटकापासून मोरीपर्यंत. पत्रे आणि शटर उतरवायला दोन माणसं लावली होती, बाकीचं सगळं माझ्या हातांनी केलं. अकरा दिवस लागले. उजव्या तळहाताची सालं निघाली आहेत, पेन धरलं की अंगठ्याच्या बुडाशी ठणकतं, म्हणून अक्षर असं येतंय. तुम्ही असतात तर आधी अक्षरावरूनच बोलला असतात. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नव्हतं, आणि आता जे लिहायचंय ते प्रेमाचं नाही. मला तुमची किळस आली आहे. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्याले, परत आले, वाचलं, आणि तसंच राहू दिलं.

सुरुवात वासापासून झाली. होळीनंतर घरात वास यायला लागला. आधी वाटलं मोरीचा असेल. प्लंबर आला, चेंबर उघडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम क्लिअर आहे. हे काहीतरी मेलंय." गॅरेजखाली घुशींनी बिळं केली होती हे आम्हाला माहीत होतं. त्यातली एक भरदुपारी स्वयंपाकघरात येऊन आईच्या पायावरून गेली, तेव्हा मीच दुकानातून औषधाच्या वड्या आणून बिळांत टाकल्या होत्या. वड्या खाल्ल्या की घुशी बाहेर येऊन मरतात, असं दुकानदार म्हणाला होता. त्या आतच मेल्या. एप्रिलच्या उन्हात, चार इंच सिमेंटखाली. तुमच्या घरात, अण्णा. जिथं जेवताना कुणी नाक शिंकरलं तरी तुम्ही ताट सरकवून उठायचात, त्या घरात आम्ही दोघी मायलेकी खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून वरणभात गिळत होतो. घास तोंडात असताना श्वास घ्यायचा नाही, गिळल्यावर घ्यायचा, असं मला जमायला लागलं होतं.

आणि मी कोण, तर तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये काढलेली बाई. लोकांची थुंकी, लघवी, शौच, पू, सगळं डब्या उघडून काचपट्टीवर घेतलं. डबी आणून देणारा माणूस लाजून मान वळवायचा आणि मी म्हणायचे, "द्या इकडं, आमचं कामच आहे ते." नवीन पोरी लॅबमध्ये आल्या की पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये जाऊन ओकायच्या, त्यांना माझं उदाहरण द्यायचे. म्हणून या वासानं मी एवढी का हलले ते मला समजत नव्हतं. एका दुपारी आई तिच्या खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाली, "तसाच येतोय गं." कसा, ते मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर जाऊन माणसं घेऊन आले.

हरसूलकडचे दोघं होते, एक माझ्याच वयाचा, दुसरा त्याचा धाकटा भाऊ. त्यांनी सिमेंटचे पत्रे ओले करून जपून खाली घेतले, शटर काढलं, आणि मी म्हटलं, "बस, आता बाकीचं मी करीन." मोठा भाऊ माझ्याकडे बघून हसला. "ताई, तुम्हाला नाय जमायचं. कोबा लय कडक हाय. आमी दोन दिवसांत उडवून देतो." मी म्हटलं, जमेल तसं करते. तो नाकाला गमछा लावून म्हणाला, "खाली घाण हाय, ताई." मी म्हटलं, "म्हणूनच." आमच्या घरात मेलेलं आम्ही काढावं, दुसऱ्याच्या हाताला ते लावू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. पुण्याहून तुमच्या मुलाचा फोन आला. त्याला ती जागा ठेवायची होती, रस्त्याच्या बाजूला गाळा निघेल म्हणत होता. मी भिंत पाडतेय म्हटल्यावर तो म्हणाला, "तुला वेड लागलंय का?" मी फोन ठेवला आणि घण उचलला.

भिंती चार इंची, तीन दिवसांत आडव्या झाल्या. पण त्याआधी आतलं सामान काढावं लागलं, आणि तिथंच मला पहिल्यांदा ओकारी आली. फळीवर तुमचे डबे ओळीनं होते, खिळ्यांचे, वायसरांचे, प्रत्येकावर तुमच्या हातची चिठ्ठी. डब्यांच्या मागं झुरळांची अंडी मण्यांसारखी चिकटलेली. गाडी विकताना तुम्ही तिची जुनी गादी काढून ठेवली होती ना, ती उचलली तर खालून पोचट झाली होती, आत उंदरांनी घरं केलेली, आणि लघवीनं कापूस पिवळा होऊन दगडासारखा घट्ट झालेला. ऑइलचा डबा फुटून जमिनीवर साय धरली होती, त्यात पाली चिकटून वाळलेल्या. मी पोत्यांत भरत होते आणि एकेक पोतं भरलं की फाटकाबाहेर जाऊन उभी राहत होते. हे तुमच्या नीटनेटकेपणाचं गॅरेज. याला तुम्ही कुलूप लावायचात, आणि चप्पल बाहेर काढून आत जायचात.

कोबा केलात तेव्हा मी पाचवीत होते. त्याआधी अंगणात माती होती. आईची जास्वंद होती, कढीपत्ता होता, नळाजवळ अळू. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर झालात, आणि लगेच मे महिन्यात खडी-सिमेंटचा ट्रक आणलात. आईला विचारलं नाही. झाडं मुळासकट काढून रस्त्यावर टाकली आणि म्हणालात, "माती म्हणजे घाण. गावाकडं भरपूर बघितली." सायखेड्याच्या मळ्यात शेणामातीत वाढलेला माणूस माती बघून असा तोंड फिरवायचा की जणू ती त्याच्या मागं लागली होती. रोज संध्याकाळी कामावरून आलात की पाइप लावून सगळा कोबा धुवायचात. एकदा मी खेळून आले, पावलं चिखलाची, आणि तुमच्या ओल्या कोब्यावर ठसे उमटले. तुम्ही मारलं नाहीत. फक्त बोट दाखवलंत. "पाय बघ तुझे. गावंढळांसारखे." मग ब्रश दिलात आणि मी गुडघ्यांवर बसून फाटकापासून मोरीपर्यंत घासलं, जिथं मी चाललेच नव्हते तिथंही. त्यानंतर कितीतरी वर्षं मला माझ्या पावलांची लाज वाटायची. वर्गात मी पाय बाकाखाली ओढून घ्यायचे.

पुढच्या वर्षी गॅरेज झालं आणि त्यात बदामी रंगाची सेकंडहँड गाडी आली. कॉलनीतली ती दुसरी गाडी होती. रविवारी तुम्ही आम्हाला गंगापूरच्या धरणावर नेऊन आणायचात आणि परत आल्यावर टायर धुवायचात. मला तेव्हा तुमचा अभिमान होता, हेही लिहिलं पाहिजे. तुमच्या अंगाला साबणाचा वास यायचा. माझ्या मैत्रिणींच्या वडिलांना घामाचा, बिडीचा वास यायचा.

आणि मग मी सातवीत असताना, दसऱ्यानंतर आत्या आली. तुमची अक्का. तुमच्याहून बारा वर्षांनी मोठी, लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली, मूलबाळ नाही. तुमची आई गेली तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होतात आणि तिनं तुम्हाला वाढवलं. लोकांच्या कांद्यात निंदायला जाऊन तुम्हाला नाशकात शिकायला ठेवलं. हे तुम्हीच आम्हाला सांगायचात, पाहुण्यांसमोर, डोळ्यांत पाणी आणून. ती एसटीनं एकटी आली. हातात बाजरीच्या पिठाचा डबा, अंगात एकावर एक दोन पोलकी, आणि वरून पदर घट्ट लपेटलेला. दोन दिवस ती कुणाला जवळ येऊ देईना. तिसऱ्या दिवशी आईनं तिला अंघोळ घालायला घेतलं आणि मोरीतून आई बाहेर आली ती भिंत धरून. छातीवर जखम होती. वर्षभर तिनं हळद आणि चिंध्या लावून झाकून ठेवली होती. तुम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलंत, डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय, स्वच्छ ठेवा, दुखलं तर गोळ्या द्या. तुम्ही घरी आलात आणि अर्धा तास अंघोळ केलीत.

महिनाभर ती मधल्या खोलीत होती. तो वास मी आता नाव देऊन सांगू शकते, कोणत्या जंतूंचा, कोणत्या पेशी सडल्याचा. तेव्हा फक्त एवढं कळायचं की भाकरीला तो लागलाय, गणवेशाला लागलाय, माझ्या वेण्यांत शिरलाय. एक दिवस माझी मैत्रीण भूमितीची वही घ्यायला आली आणि दारातच नाक मुरडून म्हणाली, "तुमच्याकडं उंदीर मेलाय का गं?" मी हो म्हटलं. आत्या आतल्या खाटेवरून ऐकत होती. त्या संध्याकाळी तुम्ही कोब्यावर बसून बुटांना पॉलिश करत होतात आणि मी तुमच्याजवळ येऊन म्हटलं, "अण्णा, आत्याला दुसरीकडं ठेवा ना. मला मळमळतं. माझ्या मैत्रिणी आता येणार नाहीत."

तुम्ही रागावाल म्हणून मी एक पाऊल मागं सरकून उभी होते. तुम्ही रागावला नाहीत. ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलंत. त्या नजरेचा अर्थ कळायला मला निम्मं आयुष्य लागलं. तुम्ही सुटला होतात. जे वाक्य तुमच्या पोटात महिनाभर होतं ते एका तेरा वर्षांच्या पोरीनं बोलून दाखवलं होतं, आणि आता ते तुमचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर आली, तिच्यावर नवीन ताडपत्री आली, आणि गॅरेजमध्ये खाट गेली. तुम्ही मधल्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणालात, "अक्का, पोरीची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. तिला त्रास होतो. आणि तिकडं हवा पण मोकळी." आत्या लगेच उठून बसली. "व्हय, व्हय. पोरीला कशाला तरास. मी कुठंबी पडंन, भाऊ." आईच्या खांद्याला धरून ती कोबा ओलांडताना माझ्यापाशी थांबली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेली. "अभ्यास कर गं बाय, लय शिक." मी मान काढून घेतली. तिचा हात हवेत तसाच राहिला, मग तिनं त्याच हातानं पदर नीट केला.

सकाळ-संध्याकाळ आई जखम धुवायची. दुपारचं ताट नेऊन द्यायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी ताट शटरखाली ठेवून पळाले, तेव्हा तुम्ही मला बोलावलंत आणि खिशातून एक इवलीशी बाटली काढलीत. वाळ्याचं अत्तर. मेन रोडवरच्या दुकानातून माझ्यासाठी मुद्दाम आणलेलं. "रुमालाला लाव, नाकाशी धर, मग जा." तुम्ही मला आयुष्यात दिलेल्या वस्तूंपैकी ती एकच तुम्ही स्वतः निवडलेली होती. मला किती आनंद झाला होता, अण्णा. मी ती बाटली दप्तरात ठेवून शाळेत नेली आणि मैत्रिणींच्या मनगटांना लावली. आणि दुपारी तोच रुमाल नाकाला धरून मी आत्यासमोर ताट ठेवायचे. ती म्हणायची, "वास लय ग्वाड हाय गं. मला बी लाव थोडा." मी दुरूनच रुमाल झटकायचे.

पाच महिन्यांत तुम्हाला आत जाताना मी कधी पाहिलं नाही. रोज कामावरून आलात की नळापाशी उभे राहायचात, गॅरेजपासून दहा पावलं लांब, आणि आवाज चढवून विचारायचात, "अक्का, बरं आहे ना?" आतून यायचं, "बरं हाय रे. तू जेवला का?" मग तुम्ही नळ सोडून हात धुवायचात. कशालाही हात लावलेला नसताना, कोपरापर्यंत. मी खिडकीतून बघायचे. फाल्गुनात पत्रे तापले, आत माश्यांनी थैमान घातलं. आई ओला पंचा हलवत बसायची. तुम्ही फिनेलची मोठी बाटली आणून कोब्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "रोज टाकत जा."

चैत्रात एका सकाळी ती गेली. सायखेड्याहून माणसं आली. तुम्ही सगळं रीतसर केलंत, डोकं भादरलंत, रडलात. कुणीतरी म्हणालं, "भावानं शेवटपर्यंत सांभाळलं बघा." तुम्ही मान हलवलीत. मी तिथंच उभी होते, पाण्याची कळशी घेऊन. चौदाव्या दिवशी गाडी परत गॅरेजमध्ये लागली.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी तुमच्याबरोबर पुढची पंचवीस वर्षं जेवले, तुमच्या पाया पडले. त्यामुळं नुसतं आठवलं म्हणून किळस आली असं म्हणणं खोटं होईल. किळस आली ती सातव्या दिवशी, कोबा फोडताना.

भाड्यानं ब्रेकर मशीन आणलं होतं. ते पोटाला टेकवून धरायचं, बटण दाबलं की दात वाजतात. गॅरेजमधला कोबा चार इंचांवर निघत होता, मशीन लावलं की तडकायचा, मग पहारीनं उचकटायचा. पण मागच्या कोपऱ्यात, जिथं तिची खाट होती, तिथं मशीन आत जाईना. तडा जायचा आणि खाली परत सिमेंटच. मला वाटलं खाली पाया असेल. पहार घालून वरचा तुकडा उलटा केला तर खाली दुसरा कोबा, जुना, आणि दोहोंच्या मधे वरच्या थराच्या पोटाला छापल्यासारखा एक काळपट तपकिरी डाग. खाटेएवढा लांब. मी मास्क काढून खाली वाकले. वास वगैरे काही नव्हता, सिमेंटचाच होता. पण मी तिथंच गुडघ्यांवर बसले आणि पोटात काही न उरेपर्यंत ओकले.

आई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला आता कमी दिसतं, पण मी काय बघतेय ते तिला कळलं. ती म्हणाली, "तो वरचा थर त्यांनी स्वतः केला. गवंडी बोलावला नाही."

"कधी?"

"दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. सोड्यानं घासलं, अ‍ॅसिड टाकलं, डाग जाईना. मग घमेल्यात सिमेंट कालवलं आणि बसले थापत. मला म्हणाले, तू आत जा."

मी विचारलं, "आई, ते एकदाही आत गेले नव्हते का गं तिच्याजवळ?"

ती म्हणाली, "एकदा. शेवटच्या आठवड्यात. मी मोरीत होते. वन्संना पाणी हवं होतं, त्या हाक मारत होत्या. हे गेले. शटरखालून आत शिरून उभे राहिले. तांब्या तिथंच होता, हाताच्या अंतरावर. आणि मला हाक मारली, 'अगं, अक्काला पाणी दे.' मी ओल्या हातांनी धावत आले. वन्सं यांच्याकडं बघत होत्या." आईनं पदरानं तोंड पुसलं. "यांना लहानपणी खरूज झाली होती, अंगभर. पोरं जवळ घेत नव्हती. तीन महिने वन्संनी मांडीवर घेऊन धुतलं यांना. मला पट्टी करताना सांगितलं त्यांनी. रागानं नाही हं. हसत सांगितलं, कसे रडायचे म्हणून."

मी तिच्यावरच ओरडले. "मग तू का नाही बोललीस? का नाही म्हणालीस, आत घ्या तिला?"

"मलाही सुटल्यासारखं झालं होतं," आई म्हणाली. "घरात वास येत नव्हता ना. खोटं कशाला बोलू. पण मी हात लावत होते."

मी मशीन परत उचललं. तो दुहेरी कोबा मी त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी फोडला. तुमच्या हातचं काम चांगलं होतं, अण्णा. मजूर म्हणाला होता तसं लय कडक. तिसऱ्या दिवशी खालच्या मुरमात घुशी सापडल्या, सात. हातमोजे घालून एकेक उचलली, मागच्या बाजूला खड्डा करून चुना टाकून पुरल्या. त्यांची मला अजिबात किळस वाटली नाही. मेलेली जनावरं ती, मीच मारलेली. राडारोडा ट्रॅक्टरवाला घेऊन गेला. तो डागाचा तुकडा मी वेगळा ठेवणार होते, कशासाठी ते माहीत नाही, मग तोही ट्रॉलीत टाकला. आता अंगणात उघडी जमीन आहे. वर मुरूम, खाली चिकट काळी माती, इतकी वर्षं ऊन न लागल्यामुळं आंबूस. आई काठी टेकत तिच्यावरून फिरते आणि पाय मळवून घरात येते. मी तिला काही म्हणत नाही.

हे लिहिताना मला वाटलं होतं की इथं थांबावं. तुमच्याबद्दलचं सगळं लिहून झालं, माझं ते तेराव्या वर्षीचं वाक्यही लिहून झालं. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती लिहिली नाही तर वरचं सगळं मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिल्यासारखं होईल.

तुम्हाला झटका आला आणि तुम्ही सात महिने पडून होतात, तेव्हा मी तुमचं सगळं केलं. लॅबमधून आले की तुमचे कपडे बदलायचे, पाठीवरचे व्रण धुवायचे, तुमची घाण काढायची. तुम्ही डोळे मिटून तोंड भिंतीकडं करायचात. तुमच्याच अंगाला वास येत होता आणि तो तुम्हाला सहन होत नव्हता, ते मला दिसायचं. एका दुपारी मी तुम्हाला कुशीवर वळवत असताना तुम्ही वाकड्या जिभेनं काहीतरी म्हणालात. मला कळेना. तुम्ही परत म्हणालात, आणि तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा कळलं. "गॅरेज. मला... गॅरेजमध्ये ठेव." आई पलंगाजवळ उभी होती. ती काढलेली चादर घेऊन मोरीत गेली. मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका अण्णा, पाय इकडं घ्या." तुम्ही ते पश्चात्तापानं म्हणालात की स्वतःच्या वासाला कंटाळून, हे मला आजही माहीत नाही. तुम्ही गेल्यावर ही हकीकत मी नात्यात पुष्कळांना सांगितली. ते स्वतः म्हणाले तरी आम्ही त्यांना मधल्या खोलीतच ठेवलं, असं सांगायचे. ऐकणारे हात जोडायचे.

कुणाला सांगितलं नाही ते असं की त्याच दुपारी, तुम्हाला झोप लागल्यावर, मी किल्ली घेऊन गॅरेजपाशी गेले. गाडी विकून झाली होती, जागा मोकळीच होती. शटर वर केलं आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावलं टाकून मोजलं. पलंग आडवा बसत होता. मी तिथं बराच वेळ उभी होते, अण्णा, आणि मला वाईट वाटत नव्हतं.